कौलाचे पाटे

गंगाराम नागवेकर भित्रा होता. हे काही पाठीमागे कुजबुजायचं गुपित नव्हे. रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडासमोर टॅक्सी लावणारे सगळे त्याच्या तोंडावर म्हणायचे आणि तोही मुकाट मान हलवायचा. सकाळी गाडी काढायच्या आधी हा बाबा हातात छोटी हातोडी घेऊन आपल्या जुन्या पांढऱ्या अँबॅसिडरभोवती फिरणार, वाकून चाकांच्या नटांवर, मागच्या पाट्यांवर टकटक करणार आणि कान देऊन ऐकणार. आंबा घाट चढण्याआधी थांबणार, उतरण्याआधी थांबणार. अंधार पडल्यावर घाटात जायचं नाही म्हणजे नाही, मग गिऱ्हाईक कलेक्टर असो नाहीतर कलेक्टरचा सासरा.

"ती गाडी नाय रे, पालखी हाय," शिवा शिवलकर म्हणायचा. "चार भोई लावा, लवकर पोचाल."

शिवा त्याच्या शेजारीच गाडी लावायचा. मिशीला पीळ देणारा, हसरा, घाटात एस.टी.ला मागे टाकल्याशिवाय ज्याला अन्न गोड लागत नसे असा गडी. उतार लागला की पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडून द्यायचा आणि वर गाणं म्हणायचा. दोघांचं जमायचं कसं हे देवच जाणे, पण जमायचं. डबा उघडला की एकमेकांच्या डब्यात हात घातल्याशिवाय दोघेही जेवत नसत.

आणि चेष्टा करणारे सगळे मनातून गंगारामला धरून असायचे, हेही खरं. टाके घातलेला पेशंट, थकलेली म्हातारी, दिवस गेलेली सून न्यायची असली की माणसं शिवाची गाडी ओलांडून गंगारामकडे यायची. पावसाळ्यात घाटात दरड आल्याची आवई उठली की बाकीचे ड्रायव्हर काही बोलत नसत, नुसते बघत बसत, गंगाराम निघतो का. तो निघाला की सगळे निघत.

ही भीती त्याच्यात आली कुठून, तर ती जन्माचीच म्हणायची. मूळ घर जयगडचं. बाप मचव्यावर होता, तो मचवा एकदा गेला तो परत आला नाही. त्याची आई चिमा, तिने त्या दिवसापासून पोराला होडीत पाय ठेवू दिला नाही. समुद्र नको म्हणून तो रस्त्यावर आला. अलोऱ्याला कोयना प्रकल्पाचं काम चाललं होतं, तिथे क्लीनर म्हणून लागला, गाडी शिकला. आणि तिथेच एका उतारावर मुरूम भरलेली लॉरी त्याने डोळ्यांदेखत उलटताना बघितली. सकाळी ज्याच्याबरोबर भाकरी खाल्ली तो ड्रायव्हर तिच्याखाली होता. मेन पाटा तुटला होता, एवढंच कारण.

पाटे म्हणजे मागच्या चाकांच्या आसावर बांधलेल्या, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. खड्ड्याचा दणका खायचं काम त्यांचं. त्यातला वरचा, सगळ्यात लांब तो मेन पाटा. आस जागेवर राहतो तो त्याच्या जिवावर. तो तुटला की आस एका बाजूने मागे सरकतो, गाडी तिरकी होते, आणि मग तुम्ही स्टिअरिंग फिरवा नाहीतर देवाचं नाव घ्या, तिला जायचं तिकडेच ती जाते. पोलादाला भट्टीत पाणी बरोबर दिलेलं असलं तर पाटा थकतो, बसतो, आधी कुरकुरून सांगतो. पाणी जास्त कडक झालं तर तो काचेसारखा होतो आणि न सांगता जातो. अलोऱ्याच्या लॉरीचा तसाच गेला होता.

एशियाड झालं त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. माघ चालू होता. गंगारामची एकुलती एक लेक सावित्री कोल्हापुरात दिलेली. जावई साखर कारखान्यात कारकून, माणसं चांगली. पोरीचं पहिलंच बाळंतपण, ते माहेरी व्हायचं हे ठरलेलंच होतं. तिच्या सासूचा निरोप आला, सातवा सरत आलाय, न्यायची तर लवकर न्या. आठव्या महिन्यात बाईने घाट ओलांडू नये, नदी ओलांडू नये, हे इकडेही मानतात आणि तिकडेही. म्हणजे आठवडाभरात पोर घाट उतरून खाली यायला हवी.

आणि नेमका त्याच आठवड्यात पालीजवळच्या मोरीवर गाडीने दणका खाल्ला आणि मागून 'कट्' असा आवाज आला. गंगारामला तो आवाज पोटात ऐकू आला. खाली उतरून बघतो तर डाव्या बाजूचा मेन पाटा तडकलेला. गिऱ्हाइकाला त्याने एस.टी.त बसवून दिलं आणि गाडी बैलगाडीच्या चालीने घरी आणली.

दुसऱ्या दिवशी तो आप्पा खेडेकरांच्या दुकानात गेला. रत्नागिरीतल्या निम्म्या गाड्यांचे पार्ट आप्पांच्या दुकानातून जायचे.

"कंपनीचे नायत," आप्पा चष्मा कपाळावर चढवत म्हणाले. "मुंबईला सांगितलंय. येतील तेव्हा येतील. हे लोकल घेऊन जा, दोन्ही बाजूंचे आहेत."

"कोल्हापुरात असतील?"

आप्पा भला माणूस. त्यांनी फोन बुक केला, तासभर गंगारामला बाकावर बसवून ठेवला, आणि फोन लागल्यावर मोठमोठ्याने ओरडून विचारलं. तिकडेही नव्हते.

गंगारामने मग लोकल पाटे बाहेर उन्हात नेले. रंग छान काळा, टोकांचे डोळे नीट वळवलेले. त्याने खिशातली हातोडी काढली आणि मेन पाट्यावर टक केली. कंपनीचा पाटा घंटेसारखा घुमतो, आवाज लांबत लांबत विरतो. हा नुसता 'टण्' करून गप्प झाला.

"आप्पा, याला पाणी कसं दिलंय?"

"मी काय भट्टीत बसतो, गंगाराम?" आप्पा हसले. "अरे, सगळे घेतात. चालतात. तुझं आपलं काहीतरीच असतं."

आता खरं सांगायचं तर गंगारामलाही खात्री नव्हती. आवाजावरून पोलाद ओळखणारा तो काही जाणकार मेस्त्री नव्हता. आपण मुळातच भित्रे, आपल्याला पानाचा आवाजही वाघासारखा वाटतो, हे त्याला ठाऊक होतं. पाटे चांगलेही असतील. पण नसले तर? तो पाटे न घेताच परत आला.

शिवाने ऐकलं तेव्हा तो म्हणाला, "एवढंच ना? पोरीला मी आणतंय. सकाळी जातंय, दुपारी जेवायला तुझ्या दारात."

गंगारामच्या डोळ्यांसमोर शिवाची गाडी न्यूट्रलमध्ये घाट उतरताना आली आणि मागच्या सीटवर पोट धरून बसलेली सावित्री आली. त्याने घाईघाईने मान हलवली. एस.टी. तर नकोच, तिच्या दणक्यांनी धडधाकट माणसाची आतडी गळ्यात येतात.

जेवण जाईना. पान वाढलं की हा भाताचे ढीग करत बसायचा. बायको यमुनाबाई दोन दिवस गप्प राहिली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अवो, असे किती दिवस झुरणार? आठवा लागंल तिकडं. आपण नवलाईला विचारूया."

नवलाई ही गावदेवी. लग्न ठरवायचं, विहीर खणायची, पोर मुंबईला पाठवायचं, कशालाही आधी तिचा कौल घ्यायचा. गुरव देवीच्या अंगावर उजव्या-डाव्या बाजूला पाण्यात भिजवलेल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे हात जोडून वाट बघत राहतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. एकदा कौल मिळाला की तो मोडायचा नाही. विचारून मोडण्यापेक्षा न विचारलेलं बरं.

धाकू गुरवाने कळ्या लावल्या. गळा साफ केला.

"बाय नवलाय, आज तुज्या लेकरानं नारळ ठेवलाय. त्येच्या गाडीचा पाटा मोडला. कंपनीचा मिळत नाय, लोकल मिळतो. तो घालून पोटुशी लेक घाट उतरवून घरी आणायची हाय. आणू काय? आणायची असंल तर उजवा दे, नसंल तर डावा दे, तुज्या लेकरास्नी फसवू नको..."

"व्हय म्हाराजा," मागची दोन-चार माणसं म्हणाली.

गंगाराम त्या डाव्या कळीकडे टक लावून बघत होता. पड, तो मनात म्हणत होता. डावी पडली की सुटलो. मग सासूला सांगता येईल, देवीने नाही म्हटलंय, होऊ दे बाळंतपण तिकडेच. असं काही आपल्याला हवंय हे त्याला तोपर्यंत स्वतःलाही कळलं नव्हतं.

उजवी कळी सुटली, देवीच्या हातावरून घसरली आणि खाली पडली.

यमुनाबाईने तोंडाला पदर लावला आणि आनंदाने रडायला लागली. गंगाराम अजून चिकटून राहिलेल्या डाव्या कळीकडेच बघत होता. आता बोलायची सोयच राहिली नाही.

लोकल पाटे बसले. तरी हा गृहस्थ तसाच निघाला असं समजू नका. त्याने मागच्या सीटवर आणि डिकीत जांभ्याचे चिरे भरले, चार माणसांचं ओझं होईल एवढे, आणि एकटाच पालीपर्यंत जाऊन आला. मोरीवर मुद्दाम वेगाने घातली. रस्त्यात दहा ठिकाणी उतरून खाली डोकावला. पाटे तसेच्या तसे. रस्त्यावरच्या पोरांना वाटलं, नागवेकरांनी घर बांधायला काढलंय.

दुसऱ्या दिवशी पहाटे यमुनाबाईने देवीचा अंगारा कागदात बांधून दिला आणि तो निघाला. घाट चढताना रिकाम्या गाडीत त्याला मागून नाही नाही ते आवाज येत होते. दरवाजाची काच वाजली तरी याचा पाय ब्रेकवर. तरीही चढला, मलकापूर मागे गेलं, आणि ऊन तापायच्या आत तो कोल्हापुरात शिरला.

शिरताना वाटेवर स्पेअर पार्टच्या दुकानांची एक रांग होती. गाडी थांबवायचं काही कारण नव्हतं. त्याने थांबवली.

"अँबॅसिडरचे मागचे पाटे, कंपनीचे?" त्याने नुसतं विचारलं.

"कालच आल्यात की," दुकानदार म्हणाला. "काढू का?"

तेलकट खाकी कागदात गुंडाळलेले पाटे त्याने काउंटरवर ठेवले. गंगारामने हातोडी मारली. आवाज घुमला आणि बराच वेळ दुकानात राहिला.

गंगारामने हातोडी खिशात घातली. पाटे नसते तर बरं झालं असतं. नसते तर निमूट देवीवर भार टाकून उतरलो असतो. आता एका बाजूला नवलाई. लोकल पाट्यांचा कौल मागितला, तिने दिला, आणि तो घेऊन इथे तिचं वचन मोडायचं? ते कुणावर निघेल? आपल्यावर निघालं तर एक वेळ चालेल, पण देवी आपल्यावर कशाला काढील, ती पोरीच्या पोटावर काढील. आणि दुसऱ्या बाजूला अलोऱ्याची ती लॉरी, आणि तिच्याखालून बाहेर आलेला तो हात. पाचावर धारण बसलेला हा माणूस दुकानाच्या पायरीवर तसाच बसून राहिला. दुकानदाराने पाणी आणून दिलं. त्याला वाटलं, पाव्हण्यांना चक्कर आली.

शेवटी उठला आणि म्हणाला, "बसवून द्या."

गाडीखाली शिरलेला मेस्त्री थोड्या वेळाने डोकं बाहेर काढून म्हणाला, "अवो पावणं, हे तर नवं कोरं हायती. कशापायी बदलताय?"

"आवाज येतो," गंगाराम म्हणाला.

काढलेले पाटे त्याने तिथेच टाकले. घरी न्यायची छाती नव्हती.

व्याह्यांच्या घरी सासूबाईंनी पहिला प्रश्न केला, "गाडी बरी हाय न्हवं? अवघडलेली पोर हाय." गंगाराम म्हणाला, "देवीचा कौल घेऊन आलोय." सासूबाईंचं समाधान झालं. गंगाराम मात्र गाडी पुसायच्या निमित्ताने बाहेर गेला.

परतीच्या वाटेवर सावित्री मागच्या सीटवर उशांना टेकून बसली होती, कपाळाला अंगारा. आंब्याला त्याने गाडी थांबवली, खाली वाकून पाटे बघितले आणि घाट उतरायला घेतला. गाडी सुरेख चालली होती. खड्डा आला की नुसती वाकायची आणि उठायची. पण आता पाट्यांची भीती गेली होती तिथे दुसरी येऊन बसली होती. वळणावर गुरं आडवी आली, त्याला वाटलं, हेच ते. समोरून लॉरी अंगावर आली, त्याला वाटलं, हेच. डाव्या हाताला दरी होती आणि तिच्यात खाली कुठे तळ दिसत नव्हता. आई नवलाय, तो मनात म्हणत होता, माझा गुन्हा आहे, पोरीचा नाय. पोटातलं ते अजून जन्मालाही न आलेलं, त्याचा तर नायच नाय.

"बाबा, केवढा घाम आलाय तुम्हाला," सावित्री म्हणाली.

"ऊन हाय."

"एवढा कौल मिळालाय, मग घाबरायचं कशाला?" असं म्हणून ती पोर उशीवर मान टाकून झोपली. साखरपा येईपर्यंत उठली नाही.

यमुनाबाईने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, लेकीला आत घेतलं, आणि मग जी बोलायला लागली ती थांबेना. पाणी भरताना, देवळात, मासळीवालीजवळ, जिथे तिथे तेच. देवीने कौल दिला, लोकल पाटे घातले, माझी पोर फुलासारखी खाली आली. गंगाराम ऐकायचा आणि उठून जायचा. सांगावं असं त्याला रोज वाटायचं. पण सांगितलं की यमुनाबाई तिथेच खाली बसणार, कौल मोडला म्हणून छाती पिटणार, आणि ते ऐकून आठव्यातली सावित्री धसका घेणार. बाळंतपण होऊ दे, तो स्वतःला सांगायचा. पोर मोकळी झाली की देवळात जाऊन सगळ्यांसमोर नाक घासू, देवी देईल तो दंड भरू. तोवर गप्प.

स्टँडावर तर वेगळंच झालं. जो उठायचा तो त्याच्या पाठीवर थाप मारायचा. गंगाराम त्या पाट्यांवर घाट उतरला, तोही पोटुशी लेक घेऊन! भित्रा म्हणून जन्म काढलेल्या माणसाला कुणीतरी धीराचा म्हणत होतं, आणि लपवून कशाला ठेवा, त्याला ते गोड लागत होतं.

मग एके सकाळी चहा पिताना शिवा म्हणाला, "माझे पण पाटे थकलेत रे. आप्पा म्हणतात, लोकल घे. मी तुझ्याकडे बघून थांबलो होतो. म्हटलं, गंग्या घालत नाय ते आपण कशाला घालावं. आता तू घातलेस. कसे हायत?"

बाजूला पाच-सहा ड्रायव्हर होते. त्यांतला एक नागवेकरांच्याच वाडीतला, दुपारी घरी जाऊन बायकोला सगळं सांगणारा. गंगारामने तोंड उघडलं. घरी ओटीवर पाय पसरून बसलेली सावित्री त्याला दिसली. कपातला चहा त्याने एका घोटात संपवला.

"बरे हायत," तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत शिवाच्या गाडीला लोकल पाटे बसले. त्याच्या मागून आणखी दोघांनी बसवले.

त्यानंतर गंगारामची झोप उडाली. शिवा चहाला गेला की हा त्याच्या गाडीमागे जाऊन बसायचा आणि पाट्यावर हातोडी मारायचा. टण्. कोरडा, मेलेला आवाज. शिवा घाटाचं भाडं घेऊन गेला की परत येईपर्यंत याचं लक्ष नाक्याकडे. शिवाची गाडी दिसली की जीव भांड्यात पडायचा. एकदा न राहवून म्हणाला, "शिवा, उतारावर न्यूट्रल करू नको रे. गियरमध्ये ठेव."

"तू आता वाघ झालास, आणि मला शिकवतंस?" शिवा हसला.

"माझं ऐक. जरा जपून."

"बरं बाबा, जपून," शिवा म्हणाला, आणि कोल्हापूरचं भाडं घेऊन निघून गेला.

हे झालं चैत्रात. त्याच सकाळी तासाभराने सावित्रीच्या पोटात कळा सुरू झाल्या. गंगारामनेच तिला सिव्हिलमध्ये नेलं. बाहेरच्या बाकावर तो गुडघ्यांवर कोपरं टेकून बसला आणि आतून प्रत्येक आवाजाला दचकत राहिला. आता देवी हिशेब पुरा करणार, एवढं एकच त्याच्या मनात होतं. दुपार कलल्यावर नर्स बाहेर आली. मुलगी झाली होती. दोघी खुशाल. यमुनाबाईने तिथल्या तिथे नवलाईच्या दिशेने हात जोडले. गंगाराम लहान पोरासारखा रडला. उद्याच देवळात जायचं, त्याने ठरवलं. देवळात, आणि तिथून सरळ शिवाकडे.

तो चहा आणायला म्हणून फाटकाशी आला तेव्हा एक जीप आत येत होती. जीपच्या मागच्या फळीवर रक्ताने माखलेली चादर होती आणि चादरीतून शिवाची मिशी दिसत होती.

शिवा कोल्हापूरला भाडं सोडून रिकामा परत येत होता. घाटाच्या अर्ध्यावर एका साध्याशा खड्ड्यात मागचा पाटा गेला. सुदैव म्हणायचं ते एवढंच की गाडी दरीकडे न जाता डोंगरावर आदळली. समोरचा सगळा भाग त्याच्या डाव्या पायावर आला होता.

"आपल्याला देवीचा कौल होता," यमुनाबाई हळूच म्हणाली. "त्याला कुठं होता? त्यानं विचारायला हवं होतं." तिच्या मनात वाईट काही नव्हतं. गंगारामने तिच्याकडे बघितलं आणि तो उठून बाहेर गेला.

चार-पाच दिवस तो शिवाच्या वॉर्डच्या दारापर्यंत जाऊन परत फिरला. मग एका दुपारी शहाळी घेऊन आत गेला. शिवाची बायको दमयंती खाटेशेजारी बसून पेपरने वारा घालत होती. शिवाचा पाय मांडीपासून प्लॅस्टरमध्ये, तोंड सुकलेलं. पाय राहील, पण गुडघा आता वाकायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे क्लच दाबायचा नाही, म्हणजे गाडी नाही.

"ये रे," शिवा म्हणाला. "नात झाली म्हणे. पेढे कुठं हायत?"

गंगारामने पिशवीतली शहाळी काढून खाली ठेवली. त्याला बसायला सुचेना.

शिवाने त्याचा हात धरला आणि जवळ ओढला. "गंग्या, ऐक. माझं झालं ते झालं. तू तुझे पाटे पहिले बदल. आजच बदल. कंपनीचे नसतील तर गाडी उभी ठेव. मी इथं पडल्या पडल्या तेच म्हणतंय हिला, गंग्या त्याच पाट्यांवर फिरतो, उद्या ओल्या बाळंतिणीला आणि नातीला घेऊन घाट चढंल. कौलाबिलाचं ऐकू नको. माझी शपथ हाय तुला."

दमयंतीने मान डोलावली. "भावजी, खरंच बदला," ती म्हणाली.

गंगारामने हात सोडवून घेतला.

"माझे कंपनीचे हायत," तो म्हणाला.

"कधी बदललेस?"

"कोल्हापुरातच. सावित्रीला आणताना. गाडीत बसवायच्या आधी."

शिवा कोपरावर टेकून थोडा वर झाला. मग हळू म्हणाला, "मी तुला विचारलं होतं."

"व्हय."

"चहा पिताना. तू म्हणालास, बरे हायत."

"व्हय."

"का रे?"

"भ्यालो," गंगाराम म्हणाला.

शिवाने तोंड भिंतीकडे फिरवलं. दमयंतीच्या हातातला पेपर केव्हाच थांबला होता. ती उठली, खाली ठेवलेली शहाळी तिने एकेक करून उचलली आणि गंगारामच्या पिशवीत परत भरली.